ऐंशी वॅटचा हट्ट मी का सोडला

गाडीतला रेडिओ पूर्ण पॉवरवरच चालवायचा, असं माझं मत होतं आणि ते मी कधी लपवून ठेवलं नाही. क्लबच्या बैठकीत, नव्या मंडळींना गाडीत सेट बसवून देताना, रिपीटरवरच्या सकाळच्या गप्पांत, जिथे विषय निघेल तिथे मी ते ठासून मांडायचो. आज ते मत माझं राहिलेलं नाही. ज्यांना मी ते पटवलं होतं, त्यातले बरेच जण अजूनही पॉवरचं बटण ‘हाय’वर ठेवूनच गाडी चालवतात. म्हणून मत का बदललं, कुठे पूर्ण बदललं आणि कुठे बदललं नाही, हे एकदा सविस्तर लिहायला हवं असं बरेच दिवस मनात होतं.

ज्यांचा या छंदाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आम्ही हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले. सरकारी परीक्षा दिली की परवाना आणि कॉलसाइन मिळतं, आणि नेमून दिलेल्या फ्रीक्वेन्सींवर बोलता येतं. गाडीत आम्ही बहुधा १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, एफएमवर बोलतो. पोलिसांच्या जीपमध्ये वायरलेस सेट असतो तसाच हा प्रकार. डॅशबोर्डखाली डबा, हातात माइक, टपावर अँटेना. बटण दाबून बोलायचं, सोडून ऐकायचं. उंच जागी बसवलेला रिपीटर आमचा आवाज ऐकून लगेच पुढे पाठवतो, म्हणून तो दूरवर पोचतो. हातातल्या वॉकीटॉकीची ताकद साधारण ५ वॅट असते, गाडीतल्या सेटची ५० ते ८० वॅट. माझा सेट ८० वॅटचा आहे. त्याला पंखा नाही. संपूर्ण डबा म्हणजे ओतीव अ‍ॅल्युमिनियमचा एक जाड ठोकळा, पाठीवर पात्यांच्या रांगा. पॉवरच्या पायऱ्या चार आहेत, ८०, ३०, १० आणि ५ वॅट.

माझी जुनी बाजू कमकुवत नव्हती, आणि ती इथे कमकुवत करून मांडणार नाही. पहिलं म्हणजे आपत्ती. किल्लारीचा भूकंप झाला १९९३ साली, भूजचा २००१ साली; दोन्हीकडे हॅम मंडळी रेडिओ घेऊन पोचली होती. असं काम अंगावर येईल तेव्हा हाताशी जास्तीत जास्त ताकद असावी आणि तिची रोजची सवय असावी, असं मला वाटे. दुसरं म्हणजे आपला मुलूख. ताम्हिणीत, वरंध्यात, आंबोलीत वळणावळणावर डोंगर आडवा येतो, आणि अर्धवट पोचलेला आवाज न पोचल्यासारखाच. तिसरं, अगदी साधं: सेट ८० वॅटचा घेतला, पैसे ८० वॅटचे मोजले, मग ५ वॅटवर चालवायचा कशासाठी? तेवढ्यासाठी वॉकीटॉकी होतीच की.

या तिन्हींना एकदम धक्का बसला नाही. सुरुवात उष्णतेपासून झाली.

मे महिन्यात विदर्भात जाणं झालं होतं. वर्ध्याच्या अलीकडे जेवायला थांबलो, गाडी उन्हात उभी राहिली. बंद गाडी उन्हात ठेवली की आतलं तापमान तासाभरात बाहेरच्यापेक्षा वीसेक अंशांनी वर जातं, आणि त्यातली बरीचशी वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते. बाहेर ४४ असेल तर आत ६० ओलांडणार. माझ्या सेटच्या माहितीपुस्तिकेत तो ६० अंशांपर्यंत काम करेल असं लिहिलं आहे. म्हणजे मी गाडीत बसून पहिलं बटण दाबायच्या आधीच सेट आपल्या मर्यादेच्या काठावर उभा होता. जेवण करून निघालो, अमरावतीकडच्या एका मित्राशी थेट बोलणं सुरू झालं, विषय रंगला. बऱ्याच वेळानं गिअर बदलताना हाताची मागची बाजू पात्यांना लागली आणि मी हात झटकन मागे घेतला. चटका बसण्याइतकं ते तापलं होतं. त्याच सुमाराला मित्र म्हणाला, “तुमचा सिग्नल सुरुवातीला होता तसा राहिला नाही हो, खाली आलाय.” गाडी फार पुढे गेली नव्हती. रस्ता सपाट, मध्ये डोंगर नाही.

झालं होतं ते असं. आतल्या फायनल, म्हणजे अँटेनाला पॉवर देणाऱ्या शेवटच्या ट्रान्झिस्टरजवळ तापमान मोजणारा एक बारीक घटक बसवलेला असतो. ठरावीक मर्यादा ओलांडली की सेट आपली पॉवर आपणच उतरवतो. यंत्र बिघडलं नव्हतं, उलट अगदी शहाण्यासारखं वागत होतं. पण त्यातून माझ्या मताचा एक खांब हलला. पूर्ण पॉवरवर चालवतो असं मी म्हणत होतो, आणि ऐन उन्हाळ्यात, लांबलेल्या बोलण्यात, पूर्ण पॉवर बाहेर पडतच नव्हती. पडद्यावर ‘हाय’ दिसत राहतं, अँटेनाकडे मात्र किती जातंय ते सेट ठरवतो.

घरी आल्यावर पुस्तिका घेऊन बसलो. त्यातला विद्युतप्रवाहाचा तक्ता पूर्वी मी फ्यूज निवडण्यापुरताच बघितला होता. या खेपेला वही-पेन्सिल घेतली. ८० वॅटला सेट १५ अँपिअर ओढतो. गाडी चालू असताना व्होल्टेज १३.८ धरलं तर आत जाणारी शक्ती २०७ वॅट. त्यातले ८० अँटेनाच्या वाटेनं गेले. उरलेले १२७ वॅट? ते सगळे त्या अ‍ॅल्युमिनियमच्या डब्यात उष्णता होऊन राहिले. विजेची जुनी इस्त्री आठवा. तिच्या काही शे वॅटमधला चांगला मोठा हिस्सा डॅशबोर्डखाली, हवा न खेळणाऱ्या कोपऱ्यात.

पुढची पायरी, ३० वॅट. प्रवाह ९ अँपिअर, आत १२४ वॅट, उष्णता ९४. इथे मी थबकलो. पॉवर निम्म्याहून कमी केली आणि उष्णता फक्त पाव भागानं कमी झाली. १० वॅटला ५ अँपिअर, आत ६९, उष्णता ५९. ५ वॅटला ४ अँपिअर, आत ५५, उष्णता ५०. म्हणजे ८० वरून ५ वर आलं तर बाहेर पडणारी पॉवर सोळाव्या हिश्शावर येते, पण उष्णता अडीचपट कमी होते, त्याहून जास्त नाही. कारण सरळ आहे. फायनलची रचना पूर्ण पॉवरला चांगली कार्यक्षमता मिळावी अशा हिशेबानं केलेली असते. कमी पॉवरवर तीच रचना अर्धपोटी चालते, बरीचशी वीज फुकट जाते. शिवाय सेटची बाकीची सर्किटं आपला वाटा खातच असतात.

हा तक्ता मी बऱ्याच मित्रांपुढे ठेवला आहे आणि जवळजवळ प्रत्येकाला आश्चर्य वाटतं. “लो पॉवरवर टाक, गार राहील” असं सगळे सहज म्हणतात. गार राहत नाही. कमी तापतो, एवढंच. आणि १० वरून ५ वर उतरण्यात उष्णतेची बचत अवघी ९ वॅट आहे, तेव्हा मी आता गावात १० वॅटवर थांबतो. कंजूसपणाची शेवटची पायरी उतरून काही मिळत नाही.

त्या वहीतून दुसरी गोष्ट बाहेर आली ती मला जास्त महत्त्वाची वाटते. एफएममध्ये बटण दाबलं की कॅरियर, म्हणजे आवाज वाहून नेणारी लहर, पूर्ण ताकदीनं जातच असते. तुम्ही बोला, खोका, किंवा पुढे काय सांगायचं याचा विचार करत गप्प बसा, सेटला फरक पडत नाही. एसएसबी पद्धतीत आवाज थांबला की पॉवरही थांबते. एफएममध्ये तसं नाही. म्हणजे उष्णता किती साचणार हे ठरवणारी दोन चाकं आहेत, एक पॉवरचं आणि एक वेळेचं. पॉवर ८० वरून ३० वर आणून जेवढी उष्णता वाचते, त्यापेक्षा जास्त ती बोलण्याचा वेळ निम्म्यावर आणून वाचते. गाडीतल्या सेटची रचनाच मुळी थोडं बोलणं आणि बरंच ऐकणं धरून केलेली असते. मिनिटभर बोललात तर तीन-चार मिनिटं ऐका, म्हणजे त्या अ‍ॅल्युमिनियमला साचलेली उष्णता हवेला द्यायला सवड मिळते. आमच्या सकाळच्या गप्पांत एकेक जण तीन-तीन मिनिटं बटण धरून बसतो. मीही त्यातलाच होतो. आता सेटमधला टाइम-आउट टायमर मी छोटा करून ठेवला आहे. ठरलेला वेळ झाला की सेट ट्रान्समिशन तोडतो. सुरुवातीला वाक्य मध्येच तुटायचं, राग यायचा. हळूहळू वाक्यं छोटी झाली.

उष्णतेचं काय एवढं, सेट जळत तर नाही ना, असं विचारणारे भेटतात. लगेच जळत नाही, खरं आहे. पण उष्णतेचं काम सावकाश चालतं. सेटमधल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या बाबतीत इलेक्ट्रॉनिक्सवाले एक ढोबळ नियम पाळतात: तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं. सोल्डरचे जोड रोज तापून-गार होऊन शिणतात. ट्रान्झिस्टर आणि धातूच्या मधली ती पांढरी पेस्ट वर्षांगणिक वाळते, मग उष्णता बाहेर काढायची वाटच अरुंद होते. आणि हे सगळं आसपासच्या हवेच्या तापमानावर रचलेलं असतं. पाती हवेपेक्षा अमुक अंशांनी गरम राहणार, एवढंच ती ठरवतात. हवाच ६० अंशांची असेल तर वरचा सगळा डोलारा तितका वर सरकतो. महाबळेश्वरात जो सेट वर्षानुवर्षं ८० वॅटवर सुखानं चालेल, तोच चंद्रपुरात चालेल असं धरणं बरोबर नाही. आपल्याकडे एकाच राज्यात ही दोन्ही गावं आहेत आणि आम्ही हॅम मंडळी एकमेकांना सल्ले मात्र सरसकट देतो.

एवढं कळूनही मी लगेच बदललो नाही. तापलं तर तापलं, आवाज तर पोचतो, हा माझा बचाव शिल्लक होता. तो मोडून काढला साताऱ्याकडच्या एका ज्येष्ठ हॅमनी. वयानं वडिलांच्या जागी, आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. रिपीटरवर बोलता बोलता त्यांनी विचारलं, “बाळ, किती वॅटवर आहेस?” म्हटलं, “काका, ऐंशी.” “आता पाचवर ये आणि परत बोल.” मी आलो, बोललो. ते म्हणाले, “मला काडीचाही फरक कळला नाही. रिपीटरलाही कळला नसेल. मग पंचाहत्तर वॅट तू कुणाला ऐकवत होतास?”

त्यांच्या प्रश्नामागचं गणित मला माहीत होतं, परीक्षेसाठी पाठ केलं होतं, पण गाडीत बसल्यावर ते कधी लावलं नव्हतं. सिग्नलची मापं डेसिबलमध्ये चालतात. पॉवर निम्मी केली तर ३ डेसिबल कमी. ८० वरून १० वर आलं तर ९ डेसिबल. सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या एस-मीटरचा एक आकडा म्हणजे संकेतानं ६ डेसिबल, तेव्हा ८० आणि १० वॅटमधला फरक समोरच्याच्या मीटरवर दीड घर. बस्स, एवढाच. त्यात एफएमचा स्वभाव असा की सिग्नल एका पातळीच्या वर गेला की मागची खरखर पूर्ण बंद होते. त्यानंतर कितीही वॅट ओता, आवाज आणखी स्वच्छ होत नाही, कारण पुसायला खरखरच उरलेली नसते. पुण्याच्या पेठांतल्या बोळांतून लोक हातातल्या ५ वॅटच्या सेटनं, बोटभर रबरी अँटेना लावून रिपीटर उघडतात. माझी अँटेना टपावर, मोकळ्या हवेत, खाली पत्र्याचं मोठं मैदान. तिथून ५ वॅट त्यांच्यापेक्षा कितीतरी चांगले पोचणार, हे उघड आहे.

मग पोचणं ठरतं कशावर? या फ्रीक्वेन्सीवर मुख्यतः उंचीवर. अँटेनाची उंची मीटरमध्ये घेऊन तिचं वर्गमूळ काढा आणि ४.१२ नं गुणा, रेडिओचं क्षितिज किलोमीटरमध्ये मिळतं. टपावरची अँटेना जमिनीपासून दोन मीटर धरली तर जेमतेम सहा किलोमीटर. सिंहगडाएवढ्या उंचीवर, म्हणजे पुण्याच्या जमिनीपासून साधारण साडेसातशे मीटर वर अँटेना असेल तर एकशे दहाच्या पुढे. त्या डोंगराची नजर जिथे पोचते तिथे ५ वॅटही पोचतात. घाटात कातळाची भिंत मध्ये आली की ८० वॅटचीही बहुतेक वेळा डाळ शिजत नाही, आणि गाडी वळणाच्या पुढे शंभर पावलं नेली की १० वॅटवर काम होतं. सह्याद्रीचं कारण देऊन मी जी पॉवर मागत होतो, ती सह्याद्रीला फारशी जुमानत नव्हती.

लोणावळ्यासारख्या कड्यावर तर उलटाच त्रास संभवतो. तिथून एकीकडे कोकण उतरतं, दुसरीकडे देश पसरतो. दोन शहरांचे रिपीटर एकाच फ्रीक्वेन्सीवर असतील तर ८० वॅटवाला दोन्ही उघडून बसतो आणि एका शहरात विनाकारण गोंधळ होतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या रेडिओ नियमावलीतलं पंधरावं कलम सांगतं की समाधानकारक संपर्काला लागेल तेवढीच पॉवर वापरावी. हे मला आधीही ठाऊक होतं. तेव्हा ते शिष्टाचाराचं वाक्य वाटायचं.

आता ज्या मुद्द्यावर मी अजून पूर्ण बदललेलो नाही, तो सांगतो. चालत्या गाडीचा सिग्नल थरथरतो. इमारती, ट्रक, डोंगर यांवरून परतलेल्या लहरी एकमेकींत मिसळतात, कुठे एकमेकींना जोर देतात, कुठे पुसून टाकतात. आमच्या फ्रीक्वेन्सीवर असे खड्डे साधारण मीटरमीटरच्या अंतरावर येऊ शकतात. ताशी ६० किलोमीटरनं जाणारी गाडी सेकंदाला १६-१७ मीटर कापते, म्हणजे सेकंदात तितक्या वेळा सिग्नल खाली बसतो आणि ऐकणाऱ्याला फडफड ऐकू येते. इथे जास्तीची पॉवर खरोखर कामाला येते, कारण खड्डा भरायला थोडी शिल्लक लागते. कमी पॉवरचा पुरस्कार करणारे काही मित्र हे मान्य करत नाहीत. मला ते मान्य आहे. म्हणून महामार्गावर, रिपीटरच्या कडेच्या टापूत मी ३० वर जातो. तिथेही कुणी “अर्धवट येतोय” म्हणालं तर ८०, आणि मग बोलणं अगदी थोडक्यात. गाडी थांबली की परत १०.

पॉवरचा हट्ट सुटल्यावर लक्ष आपोआप दुसरीकडे गेलं, आणि खरा फायदा तिथे निघाला. माझ्या अँटेनाची केबल आरजी-५८ जातीची, पातळ, पाच मीटर लांब होती. या फ्रीक्वेन्सीवर तिच्यात साधारण १ डेसिबल जातो, म्हणजे पाचवा हिस्सा. ८० मधले १६ वॅट केबल गरम करण्यात संपत होते. ४३५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात तर तीच केबल जवळपास दुप्पट डेसिबल खाते. अँटेना टपाच्या मध्यावर न बसवता मागच्या दाराच्या कडेला बसवली होती, भोक पाडायचं नाही म्हणून. एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेनाकडून किती पॉवर परत फिरते याचं माप, मोजला तो बराच चढा निघाला. तो ३ झाला की पाव हिस्सा पॉवर परत फिरते, आणि तीही सेटच्या त्याच फायनलच्या डोक्यावर. पाव लहरीचा साधा दांडा, ४९ सेंटिमीटरच्या आसपास, टपाच्या बरोबर मध्यावर आणला; केबल कापून लागेल तेवढीच ठेवली; दांडा मिलिमीटर-मिलिमीटर कापत एसडब्ल्यूआर खाली आणला. त्या कामाला एक दुपार लागली. त्या दुपारनं जे दिलं ते जास्त वॅटनी कधी दिलं नव्हतं, कारण अँटेना सुधारली की बोलणंही सुधारतं आणि ऐकणंही. पॉवर वाढवून ऐकू जास्त येत नाही.

वायरिंगचंही तेच. आधी सेटला अडीच चौरस मिलिमीटरची वायर होती, बॅटरीपासून जायला पाच मीटर, यायला पाच मीटर. १५ अँपिअर जाताना तिच्यात एक व्होल्टहून जास्त गळत होता. आता सहा चौरस मिलिमीटरची वायर आहे, गळती अर्ध्या व्होल्टच्या आत. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, कारण वायर कुठे घासून उघडी पडली तर वाचवणारा तोच. सिगारेट लायटरच्या सॉकेटवरून असे सेट चालवणारे पाहिले की माझ्या पोटात गोळा येतो. ते सॉकेट इतक्या प्रवाहासाठी नसतंच. नव्या गाड्यांत बॅटरीच्या ऋण टोकावर प्रवाह मोजणारा सेन्सर असतो, तिथे ऋण वायर त्या टोकावर न लावता जवळच्या चासिसच्या बिंदूवर घ्यावी लागते. कामाला हात घालायच्या आधी गाडीची पुस्तिका वाचा, एवढं सांगतो.

आणखी एक बाब, जी मी फार उशिरा मनावर घेतली. अँटेनापासून एक मीटरवर माणूस उभा असेल तर त्याच्यावर रेडिओ लहरींची किती शक्ती पडते? ढोबळ हिशेबानं ८० वॅटला दर चौरस मीटरला दहा वॅटच्या आसपास. अशा लहरींपासून संरक्षणाचे निकष ठरवणाऱ्या आयसीएनआयआरपी या आंतरराष्ट्रीय मंडळाची सर्वसामान्य लोकांसाठीची मर्यादा या पट्ट्यात दर चौरस मीटरला २ वॅट आहे, ठरावीक वेळेच्या सरासरीनं मोजलेली. निम्मा वेळ बोललो असं धरलं तरी ८० वॅट मर्यादेबाहेर राहतात, १० वॅट चांगलेच आत. गाडीत बसलेल्यांना टपाचा पत्रा आडोसा देतो. पण रस्त्याकडेच्या टपरीवर गाडी थांबवून मी बोलत असतो, आणि चहाचा ग्लास घेऊन पोरगा खिडकीशी येतो तेव्हा त्याचं डोकं बरोबर अँटेनाच्या उंचीला असतं. त्याला विचारून मी बटण दाबलेलं नसतं. गाडी उभी असताना पूर्ण पॉवर मी आता वापरतच नाही, याला हे एक कारण पुरेसं आहे.

राहिला आपत्तीचा मुद्दा. माझ्या जुन्या मताचा तो सगळ्यात भक्कम आधार होता, आणि आज कमी पॉवरच्या बाजूनं मला सगळ्यात जोरदार वाटतो तोही तोच. पूर आला, वीज गेली, गाडी एखाद्या शाळेच्या पटांगणात उभी करून नियंत्रण केंद्र चालवायचं आहे. डिझेल जपायचं म्हणून इंजिन बंद. गाडीची बॅटरी ४५ अँपिअर-तासांची, तिच्यातली निम्मीच वापरायची, कारण परत गाडी सुरू झाली पाहिजे. नियंत्रण केंद्रावरचा माणूस एक तृतीयांश वेळ तरी बोलतो. ८० वॅटवर सरासरी साडेपाच अँपिअर जातात, बॅटरी चार तासांत संपते. ५ वॅटवर सरासरी दोन अँपिअरच्या आत, आणि तीच बॅटरी बारा तास पुरते. पहिल्या चार तासांत मदत पोचलेली नसते. रात्र काढायची असते. त्यात तापलेला सेट मध्येच पॉवर उतरवायला लागला किंवा कायमचा गेला, तर तिथे दुसरा आणून देणारं कुणी नसतं. ८० वॅट जवळ असावेत, याबद्दल माझं मत आजही पक्कं आहे. दूरच्या एखाद्या गावाचा क्षीण आवाज येत असेल, त्याला उत्तर पोचवायचं असेल, तेव्हा ते वापरायचे. त्या घटकेसाठी सेट धडधाकट आणि बॅटरी भरलेली हवी, म्हणून बाकीच्या वेळी ते राखायचे.

पंख्याबद्दल मात्र मी तसूभर हललेलो नाही. पंख्याचे छोटे सुबक सेट लवकर गार होतात हे खरं, पण आपल्या रस्त्यांची धूळ आणि कोकणातली खारी दमट हवा तो पंखा आत ओढतो, आणि पंखा अडकला की छोट्या डब्याजवळ दुसरा उपाय नसतो. जड, बिनपंख्याचा ठोकळा मी आजही आधी सुचवतो. मात्र त्याच्या पात्यांना चारही बाजूंनी बोटभर मोकळी जागा ठेवा, गालिच्यात किंवा सीटखालच्या सामानात दडपू नका, आणि एसीची हवा पोचेल असा बसवता आला तर उत्तमच.

ज्यांच्या गाड्यांत मी स्वतः सेट बसवून दिले आणि “हायवरच ठेव” असं सांगितलं, त्यांना माझी विनंती आहे. या रविवारी अँटेनाचा एसडब्ल्यूआर मोजा, वायरची जाडी बघा, टायमर लावा, आणि बटण १० वॅटवर आणून आठवडाभर बोला. कुणी ऐकू येत नाही म्हणालं, तरच वर जा. मी रोज सकाळी रिपीटरवर असतो, १० वॅटवर. मी नीट पोचतो की नाही, ते तुम्हीच सांगा.